विश्वस्त सेनापती : लेफ्टनंट जनरल शंकरराव थोरात

सन १९५३ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या या शहराच्या, तेव्हाच्या मद्रासच्या, बंदरातून भारतीय सैनिकांना घेऊन जहाजे निघाली ती दूर कोरियाला. त्यांच्याजवळ तोफा नव्हत्या, रणगाडे नव्हते. कोणाचा मुलूख जिंकावयाचा नव्हता, कोणाचे राज्य राखावयाचे नव्हते. परक्यांच्या युद्धात पकडल्या गेलेल्या परक्या कैद्यांना चार महिने सांभाळणे, एवढेच काम. स्वतंत्र भारताने शांततेच्या कार्यासाठी परदेशी धाडलेले हे पहिले मोठे सशस्त्र दल, आणि त्याचे सेनापती होते कोल्हापूरकडचे मेजर जनरल शंकरराव पांडुरंग पाटील थोरात. मद्रासच्या मराठी माणसाला तंजावरचे भोसले ठाऊक असतात, जिंजीचा वेढा ठाऊक असतो. परंतु आपल्याच बंदरातून गेलेल्या या मराठी सेनापतीची कथा आपल्या घरांतून क्वचितच सांगितली जाते. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने ती येथे सांगावीशी वाटते.

शंकररावांचा जन्म १९०६ साली कोल्हापूर जिल्ह्यातील वडगाव येथे झाला. घराणे पाटीलकीचे, पण विद्येची आस्था असलेले. वडील डॉ. पी. सी. पाटील हे शेतकीशास्त्राचे जाणकार म्हणून नाव मिळविलेले गृहस्थ. शंकररावांचे शालेय शिक्षण पुण्याच्या सेंट व्हिन्सेंट शाळेत आणि पुढील मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. तेथून त्यांची निवड इंग्लंडमधील सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयासाठी झाली. त्या काळी हिंदी तरुणांसाठी तेथे वर्षाकाठी अवघ्या दहा जागा असत, हे ध्यानात घेतले म्हणजे या निवडीचे मोल कळेल. १९२६ साली ते अधिकारी झाले आणि पंजाब रेजिमेंटमध्ये दाखल झाले. वायव्य सरहद्दीवरील टेकड्यांतून त्यांची पहिली उमेदवारी गेली.

त्यांच्या शौर्याची पहिली मोठी साक्ष मिळाली ती ब्रह्मदेशात. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस आराकानच्या किनाऱ्यावर कांगाव नावाच्या ठिकाणी जपानी सैन्याची माघारीची वाट रोखण्याचे काम ५१ व्या हिंदी ब्रिगेडकडे आले. या ब्रिगेडचे वैशिष्ट्य असे की, तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते. कूर्गचे थिमय्या, बंगालचे एल. पी. सेन आणि आपले थोरात. हिंदी अधिकाऱ्याच्या हाती रणांगणावर पलटण सोपविता येते की नाही, याविषयी इंग्रज सेनाधिकाऱ्यांच्या मनात तोवर शंका असे. जानेवारी १९४५ मध्ये थोरातांच्या दुसऱ्या पंजाब रेजिमेंटच्या दुसऱ्या पलटणीने मेलरोज नावाची टेकडी संगिनी परजून घेतली. माणसे पुष्कळ पडली, पण टेकडी हातून गेली नाही. तिघाही पलटणप्रमुखांना डी. एस. ओ. हा मोठा सन्मान मिळाला आणि ती शंका कायमची मिटली. या लढाईचा उल्लेख येथे मुद्दाम केला, कारण पुढे कोरियात ज्याने बंदूक आवरली, तो बंदुकीला बिचकणारा माणूस नव्हता, हे वाचकांनी आधी जाणून घ्यावे.

आता कोरियाकडे वळू. १९५० च्या जूनमध्ये सुरू झालेले ते युद्ध वर्षभरात थबकले आणि जुलै १९५१ पासून तहाची बोलणी सुरू झाली. सारे प्रश्न हळूहळू सुटत आले. एक मात्र दीड वर्ष अडून राहिला. युद्धबंद्यांचे काय करावयाचे? १९४९ च्या जिनिव्हा कराराप्रमाणे युद्ध थांबताच बंद्यांना विनाविलंब मायदेशी धाडावयाचे असते. परंतु अमेरिकेच्या नेतृत्वाखालील संयुक्त राष्ट्रांच्या सैन्याकडे असलेल्या हजारो चिनी व कोरियन बंद्यांचे म्हणणे असे की, आम्हांला परत जावयाचे नाही. साम्यवादी पक्ष म्हणे, करार म्हणजे करार, सारे परत द्या. दुसरा पक्ष म्हणे, माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध ढकलता येणार नाही. या वादापायी रोज माणसे मरत होती. अखेर भारताने पुढाकार घेतला. कृष्ण मेनन यांनी संयुक्त राष्ट्रसंघात मांडलेला तोडगा डिसेंबर १९५२ मध्ये संमत झाला. रशियाने त्या वेळी विरोध केला; पण पुढे जून १९५३ मध्ये उभय पक्षांत जो समझोता झाला, त्याची बैठक पुष्कळशी त्याच विचाराची होती. त्या वर्षीच्या २७ जुलैला युद्धविराम झाला.

या समझोत्याप्रमाणे पाच तटस्थ राष्ट्रांचा एक आयोग नेमण्यात आला. स्वीडन व स्वित्झर्लंड एका बाजूचे, पोलंड व चेकोस्लोव्हाकिया दुसऱ्या बाजूचे, आणि मधोमध भारत. आयोगाचे अध्यक्ष जनरल थिमय्या, आणि बंद्यांचा प्रत्यक्ष ताबा सांभाळणाऱ्या दलाचे, म्हणजे कस्टोडियन फोर्सचे, प्रमुख जनरल थोरात. कांगावच्या रणातील जोडी पुन्हा एकत्र आली ती अशी. दलात सुमारे ६,००० माणसे होती. राजपुताना रायफल्स, जाट, गढवाली यांच्या जोडीला आपली दुसरी पॅराशूट पलटणही होती. ही पलटण मूळची मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी. त्यामुळे पानमुनजोमच्या काटेरी तारांपाशी पहाऱ्यावर सातारा-कोल्हापूरकडील शिपाईही उभे होते. आपल्या तमिळ शेजाऱ्यांच्या अभिमानाचीही एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. मद्रास मेडिकल कॉलेजमध्ये शिकलेले लेफ्टनंट कर्नल ए. जी. रंगराज हे १९५० पासूनच आपले वैद्यकीय पथक घेऊन कोरियात जखमींची सेवा करीत होते आणि महावीरचक्राचे मानकरी झाले होते.

दल कोरियाला पोहोचले तेव्हा पहिलाच प्रसंग विलक्षण. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांचा या साऱ्या समझोत्याला विरोध होता. जूनमध्ये त्यांनी आपल्या पहाऱ्यातील सुमारे २७,००० बंदी परस्पर सोडून दिले होते. भारतीय सैनिकाने माझ्या भूमीवर पाऊल ठेवता कामा नये, अशी त्यांची हट्टाची भूमिका. मग जहाजे इंचॉनच्या बंदराबाहेर उभी राहिली आणि हजारो भारतीय जवानांना अमेरिकन हेलिकॉप्टरांतून, मूठमूठ करीत, उचलून थेट निर्लष्करी पट्ट्यात उतरविण्यात आले. पाहुण्याला अंगणातून न नेता कौले काढून घरात उतरविण्यासारखाच हा प्रकार! त्या पट्ट्यात तंबूंचे गाव वसले. त्याला नाव मिळाले हिंदनगर.

सप्टेंबरच्या अखेरीस बंदी ताब्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या बाजूने २२,६०४. त्यांत १४,७०४ चिनी, बाकीचे कोरियन. उलट बाजूने ३५९. त्यांत २३ अमेरिकन व १ इंग्रज. सुमारे ५०० माणसांचा एक असे काटेरी तारांचे वाडे होते. वाड्याबाहेर भारतीय पहारा, आत मात्र बंद्यांच्या म्होरक्यांचे राज्य. परत जाण्याची इच्छा कोणी बोलून दाखविली, तर रात्री त्याचा गळा आवळला जाई. काही जण जिवावर उदार होऊन तारेवरून उड्या टाकीत आणि भारतीय पहारेकऱ्याच्या पायाशी येऊन पडत. थोरातांच्या हाती जो लेखी नियम होता, तो असा की, कोणत्याही बंद्याला परत पाठविण्यासाठी किंवा परत जाण्यापासून रोखण्यासाठी बळाचा वापर करावयाचा नाही, बळाची धमकीही द्यावयाची नाही. ज्यांना आपण काय करतो आहोत हे पक्के ठाऊक आहे अशा हजारो संतप्त माणसांना हलक्या हत्यारांनिशी, आणि तीही न वापरता, सांभाळणे हे किती अवघड काम असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

एक प्रसंग फार बोलका आहे. ताबा मिळून थोडेच दिवस झाले होते. चिनी बंद्यांच्या एका वाड्यातून एक बंदी परत जाण्यासाठी निसटून आला. आमचा माणूस परत द्या, असा आतल्यांनी दंगा मांडला आणि त्या गोंधळात मेजर ग्रेवाल या शीख अधिकाऱ्याला आत ओढून धरून ठेवले. बाहेर जवान बंदुका सरसावून उभे. एक शब्द उच्चारला असता तर वाडा रक्ताने न्हाला असता आणि ग्रेवालही वाचले नसते. थोरातांनी तसा शब्द उच्चारला नाही. मोजके सहकारी बरोबर घेऊन ते स्वतःच फाटकातून आत गेले आणि त्या खवळलेल्या जमावात उभे राहून म्होरक्यांशी बोलू लागले. भीती दाखविली नाही, आणि निसटून आलेला माणूस परत देण्याचे वचनही दिले नाही. अखेर ग्रेवाल यांना घेऊन ते बाहेर आले. या कृत्यासाठी भारत सरकारने त्यांना अशोकचक्र, द्वितीय श्रेणी, दिले. त्यालाच पुढे कीर्तिचक्र हे नाव मिळाले. कांगावची टेकडी घेणे आणि या फाटकातून आत जाणे, यांत अधिक धैर्य कशाला लागले असेल? आम्हांस विचाराल तर दुसऱ्याला.

तथापि दर वेळी असे निभावले नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या दोन दिवसांत बंद्यांचे लोंढे तारा तोडून बाहेर पडू लागले, पहारेकऱ्यांवर दगड आले, आणि भारतीय जवानांना गोळी चालवावी लागली. तीन बंदी ठार झाले. दक्षिण कोरियाने भारतावर आगपाखड केली. भारतीय म्हणजे साम्यवाद्यांचे हस्तक, अशी हाकाटी झाली. त्याच वेळी पोलंड व चेकोस्लोव्हाकियाचे प्रतिनिधी उलट म्हणत होते की, भारतीय मवाळ आहेत, बंद्यांना ओढून समजावणीच्या तंबूत का आणीत नाहीत? त्यांना ओढून आणावयाचे तर शेकडो प्रेते पडली असती. थिमय्या व थोरात यांनी ते नाकारले. परिणामी समजावणीसाठी ठरलेल्या ९० दिवसांपैकी प्रत्यक्ष काम झाले ते अवघे १० दिवस. हे आयोगाचे अपयश होय, हे मान्यच केले पाहिजे. परंतु लेखी नियम मोडून मिळविलेले यश त्याहून वाईट ठरले असते, आणि त्याची किंमत पुढे प्रत्येक युद्धातील बंद्यांना द्यावी लागली असती.

कायद्याची आणखी एक बाजू पाहण्यासारखी आहे. वाड्यांच्या आत बंद्यांनी बंद्यांचे जे खून केले, त्यांकडे काणाडोळा करणे सोपे होते. मेले ते परके, मारणारे परके, आणि चार महिन्यांनी आपण घरी जाणार. थोरातांच्या दलाने तसे केले नाही. साक्षी गोळा केल्या, आरोपी वेगळे काढले, लष्करी न्यायालये बसविली. साक्षीदार भयाने बोलत नसत. मुदत संपत आली तरी खटले पुरे होऊ शकले नाहीत आणि आरोपींना निकालाविनाच परत द्यावे लागले. निकाल लागला नाही हे खरे. पण ज्या मृतांच्या नावाने रडणारे तेथे कोणी नव्हते, त्यांच्यासाठी कोणीतरी न्यायासन मांडले होते, हेही तितकेच खरे.

सर्वांत बिकट पेच शेवटी आला. न सुटलेल्या बंद्यांचा निर्णय एका राजकीय परिषदेने करावयाचा होता. ती परिषद भरलीच नाही. १२० दिवसांची मुदत जानेवारी १९५४ मध्ये संपत होती. त्यानंतर भारताला त्यांना ठेवून घेण्याचा अधिकार नव्हता, आणि स्वतः मुक्त करण्याचाही नव्हता. मग भारताने विश्वस्ताने करावयाचे तेच केले. ज्याची ठेव त्याला परत दिली. २० जानेवारीपासून बंदी ज्या त्या पक्षाच्या स्वाधीन करण्यात आले, आणि त्यांना परस्पर सोडून देणे कराराच्या विरुद्ध होईल, असे बजावण्यातही आले. संयुक्त राष्ट्रांच्या सेनापतींनी त्यांना लगेच मुक्त म्हणून जाहीर केले. साम्यवादी पक्षाने तर आपले ३४७ बंदी परत घ्यावयाचेच नाकारले. दोन्ही पक्षांनी भारताला दोष दिला. आमच्या मते, दोघेही सारखेच नाराज असणे हीच त्या निवाड्याच्या निःपक्षपातीपणाची पावती होती. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष आयसेनहॉवर यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून या दलाच्या नाजूक कामगिरीची मनापासून वाखाणणी केली.

आणि ८८ माणसे उरली. यांना चीनही नको होता, कोरियाचे उत्तर नको आणि दक्षिणही नको. त्यांनी तटस्थ देश मागितला. कस्टोडियन फोर्स परत निघाली तेव्हा त्यांनाही ॲस्टुरियस या जहाजातून बरोबर आणले गेले, आणि फेब्रुवारी १९५४ मध्ये ती १२ चिनी व ७६ कोरियन माणसे आपल्या मद्रासच्या धक्क्यावर उतरली. घरदार, भाषा, नातीगोती मागे टाकून परक्या किनाऱ्याला लागणे म्हणजे काय, हे दूरदेशी राहणाऱ्या आपणा मराठी माणसांना थोडेफार उमगते. पण आपल्याला सुटीत गावी जाता येते, त्यांना ती वाट कायमची बंद झाली होती. त्यांना दिल्लीस ठेवण्यात आले. पुढे बरेचसे ब्राझील व अर्जेंटिनात जाऊन वसले, थोडे येथेच राहिले. चोई इन-हुन या कोरियन कादंबरीकाराने भारताकडे निघालेल्या अशाच एका बंद्यावर १९६० च्या सुमारास कादंबरी लिहिली, आणि ती त्या देशात पिढ्यान्‌पिढ्या वाचली जात आहे.

थोरात मायदेशी परतले, ते मोठ्या कीर्तीनिशी. १९५७ साली ते लेफ्टनंट जनरल म्हणून पूर्व विभागाचे सेनापती झाले. मुख्य ठाणे तेव्हा लखनौला होते. १९५९ च्या ऑगस्टमध्ये ईशान्य सरहद्दीवरील लाँगजूच्या चौकीवर चिनी सैन्य चालून आले आणि त्या सरहद्दीच्या रक्षणाची जबाबदारी लष्कराकडे आली. थोरातांनी प्रत्यक्ष परिस्थिती तपासून ८ ऑक्टोबर १९५९ रोजी सेनामुख्यालयाला एक सविस्तर योजना पाठविली. मांडणी साधी होती. ऐन सीमेवरील चौक्यांना ना रस्ता, ना रसद. त्यांनी शत्रू आल्याची खबर द्यावी आणि मागे यावे. खरी झुंज बोमदिलासारख्या मागच्या ठाण्यांवर द्यावी. तेथवर येता येता शत्रूची रसद लांबलेली असेल आणि आपली जवळ असेल. यासाठी किती सैन्य लागेल, किती दारूगोळा लागेल, याचा हिशेब त्यांनी मांडला होता. मार्च १९६० मध्ये लखनौला लाल किल्ला या नावाने लुटुपुटीच्या युद्धाचा सराव करून त्यांनी वरिष्ठ अधिकाऱ्यांना दाखविले की, आहे त्या बळावर चिनी आक्रमण थोपविता येणार नाही.

सरसेनापती थिमय्यांना योजना पटली. त्यांनी ती संरक्षणमंत्र्यांपुढे ठेवली. संरक्षणमंत्री होते कृष्ण मेनन. ज्यांच्या तोडग्यातून कोरियातील कामगिरी जन्मली आणि जी थोरातांनी निष्ठेने पार पाडली, त्यांनीच थोरातांचा हा इशारा भयगंडाचा मानून बाजूला ठेवला. जगाच्या सभेत शब्दांनी युद्ध थांबविता येते, या एका अनुभवाने मेनन यांचा विश्वास वाजवीपेक्षा वाढला असावा, असे आम्हांस वाटते. थोरातांनी त्याच अनुभवातून वेगळा धडा घेतला होता. पानमुनजोमला कराराचे शब्द टिकले ते तारेपाशी शिस्तीचा शिपाई उभा होता म्हणून.

थिमय्यांच्या मनातून आपल्यामागे थोरातांनीच सरसेनापती व्हावे असे होते. सरकारने जनरल थापर यांना नेमले, आणि मे १९६१ मध्ये थोरात निवृत्त झाले. त्यांनी तक्रारीचे पत्रक काढले नाही की वर्तमानपत्रांतून सरकारचे वाभाडे काढले नाहीत. सैनिकाने सल्ला निर्भयपणे द्यावा आणि निर्णय लोकनियुक्त शासनाचा मानावा, हा देशाचा कायदा त्यांनी घरीही तितकाच पाळला. त्यांनी तेव्हाच देशापुढे बोलावयास हवे होते, असे म्हणणारे आहेत. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये तवांग गेले, बोमदिला गेले, हजारो जवान गोठले, मेले, पकडले गेले, तेव्हा हा प्रश्न अधिकच बोचरा झाला. त्याचे उत्तर प्रत्येकाने आपापल्या परीने द्यावे. थोरातांनी स्वतः लिहून ठेवले आहे की, युद्ध पेटल्यावर नेहरूंनी त्यांना बोलावून घेतले. ती योजना पंतप्रधानांच्या नजरेस तेव्हा, तीन वर्षांनी, प्रथमच आली होती, आणि ती आपल्याला आधी का दाखविली गेली नाही, हाच त्यांचा प्रश्न होता.

मेनन गेले, यशवंतराव चव्हाण दिल्लीला संरक्षणमंत्री होऊन आले. नव्याने नेमलेल्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेत थोरातांना घेण्यात आले. नंतर काही काळ ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. तेथेही शिफारशींच्या चिठ्ठ्यांपेक्षा नियमाचा कागद वरचा, हे त्यांच्या स्वभावाला धरूनच होते. १९८६ साली त्यांचे इंग्रजी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. रेव्हेली म्हणजे पहाटे सैनिकांना उठविणारा बिगुल आणि रिट्रीट म्हणजे मावळतीला ध्वज उतरविताना वाजणारा; या दोन बिगुलांमधले आयुष्य, अशा अर्थाचे नाव त्यांनी ग्रंथाला दिले. त्यात कोरियाची प्रकरणे आहेत, लाल किल्ल्याची हकीकत आहे, आणि स्वतःविषयीची बढाई जवळजवळ नाही. १९९२ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, ते निवर्तले.